चोक ओढला की चालते, सोडला की बंद! (मारुती ८००, १९९४, कार्ब्युरेटरवाली)

मिरजकर_८००

नमस्कार मंडळी. गाडी वडिलांनी नवी घेतलेली, घरातच वाढलेली, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

सकाळी चोक पूर्ण ओढला की एका सेल्फमध्ये चालू होते. चोक आत ढकलला की गचके खाते आणि बंद पडते. अर्धा चोक बाहेर ठेवला तर रस्त्याला झकास पळते, पिकअपची काही तक्रार नाही. पण सांगली-मिरज रस्त्यावर सिग्नल लागला, रेसवरून पाय काढला, की गेली. मागचे हॉर्न ऐकून आता कातडी जाड झाली आहे.

एका मेस्त्रींनी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडून साफ केला आणि स्लोचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती जोरात फिरावं त्याचा, स्क्रू वाढवून दिला. त्यानंतर सिग्नलला बंद पडायची कमी झाली, पण किल्ली फिरवून काढली तरी इंजिन क्षणभर धडधडत राहतं, आणि पेट्रोल तर पाण्यासारखं जातं. दुसरे म्हणतात, चोकच गेलाय, अख्खा कार्ब्युरेटर बदला. तिसऱ्यांना इंजिन उघडायचं आहे. कुणाचं ऐकू?

टुकार_वाचक

इलेक्ट्रिक घ्या. विषय संपला.

गीअरवाली

आलेच हे. दादा, तुम्ही दुर्लक्ष करा. बंद पडते ती कशी, ते सांगा ना. दिवा विझल्यासारखी पटकन, की धापा टाकत, हळूहळू? आमच्या गावचे जुने मेस्त्री गाडीला हात लावायच्या आधी हाच प्रश्न विचारायचे. पटकन गेली तर ठिणगीकडचं सामान, म्हणजे वायरिंग, कॉइल, कंडेन्सर बघायचं. धापा टाकत गेली तर पेट्रोल आणि हवेचा हिशोब.

मिरजकर_८००

ताई, धापा टाकत. आणि रेस दिली तर पुन्हा सावरते.

नानापेठी

मग इंजिन उघडणाऱ्यांना आधी नमस्कार करा आणि बाहेर पडा. पुण्यात नाना पेठेत पार्टच्या दुकानांच्या गल्लीत माझं आयुष्य गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चोक म्हणजे काय, तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बसवलेली एक चकती. नॉब ओढला की ती आडवी होते, हवेची वाट अडवते, आणि इंजिनाच्या ओढीने पेट्रोल जास्त येतं. त्याच ओढण्यात खालचा थ्रॉटलही (रेस दिली की उघडते ती झडप) किंचित उघडला जातो, म्हणून थंडीत रेस आपोआप वाढलेली दिसते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, निम्मं मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) भिंतीला चिकटून राहतं, म्हणून हा जादाचा खुराक. इंजिन तापलं की त्याची गरज संपते.

तुमची गाडी तापल्यावरही चोक मागते. म्हणजे चोक खराब नाही. उलट, गाडीत पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी चोरटी हवा घुसतेय, आणि ती तूट चोक भरून काढतोय. चांगल्या चाललेल्या पार्टला चोर ठरवून बदलू नका.

आता रस्त्याला पळते, स्लोवर मरते, यातून आणखी एक गोष्ट कळते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या दोन वाटा असतात. पळताना मेन जेटची वाट चालते (जेट म्हणजे मोजक्या भोकाचा पितळी तुकडा). पाय काढला की स्लो जेटची बारीक वाट. तुमची मोठी वाट ठीक आहे, बारीक वाट बंद आहे किंवा अर्धवट आहे. मेस्त्रींनी स्लोचा स्क्रू पिळून थ्रॉटल एवढा उघडा ठेवला की गाडी उभ्या उभ्या मेन वाटेवर चालतेय. म्हणून पेट्रोल जातं, आणि म्हणूनच किल्ली काढल्यावर धडधडते: ठिणगी बंद झाली तरी तापलेल्या कार्बनवर पेट्रोल पेटत राहतं.

एक तपासणी घरच्या घरी करा. इंजिन पूर्ण तापू द्या, चोक आत. कार्ब्युरेटरच्या पायथ्याशी मिक्स्चरचा स्क्रू असतो, तो हळूहळू आत फिरवा, किती आटे फिरवले ते मोजत जा म्हणजे परत जागेवर आणता येईल. स्लो वाट चालू असेल तर इंजिन लंगडायला लागेल. काहीच फरक पडला नाही तर ती वाट मेलेली आहे. स्क्रू शेवटी टेकला की थांबा. जोर लावून पिळलात तर टोकावर चर पडते आणि मग कधीच सेट होत नाही.

पद्मिनीप्रेमी (डोंबिवली)

नानापेठींचं सगळं मान्य. फक्त वाचणाऱ्यांनी लक्षणं नीट जुळवून बघावीत, कारण माझ्या पद्मिनीचं अगदी उलटं होतं. सकाळी राणीसारखी चालू व्हायची, अर्ध्या तासाने तापली की मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि सिग्नलला बंद. प्लग काढले तर कोरड्या काजळीने काळेकुट्ट. तिथे चोकची केबल गंजून अडकली होती. नॉब आत गेल्यासारखा दिसायचा, पण चकती अर्धी आडवीच. एअर फिल्टरचं झाकण काढून, एकाला नॉब ओढायला बसवून, दुसऱ्याने डोळ्यांनी चकती बघायची. आत ढकलल्यावर ती पूर्ण उभी राहिली पाहिजे. नॉबवर भरवसा ठेवू नका.

काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट भाजलेला प्लग म्हणजे पेट्रोल कमी. मिरजकर, तुमचे कसे आहेत?

(अवांतर: २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हापासून आमच्या सोसायटीत माझ्या गाडीचे फोटो काढणारे वाढलेत. चालू होते का, हे कुणी विचारत नाही.)

मिरजकर_८००

चकती पाहिली, नॉबबरोबर पूर्ण आडवी आणि पूर्ण उभी होते. तिन्ही प्लग पांढरट. मिक्स्चरचा स्क्रू टेकेपर्यंत आत नेला, इंजिनाला पत्ताच नाही. नानापेठी, म्हणजे स्लो वाट मेलेली. पण मेस्त्रींनी तर कार्ब्युरेटर साफ केला होता?

नानापेठी

बाहेरून ब्रश मारून पेट्रोलने धुणं म्हणजे साफ करणं नव्हे. स्लो जेट काढून उजेडाकडे धरून बघितला होता का, विचारा. त्याचं भोक एवढं बारीक असतं की वाळलेल्या पेट्रोलचा एक कण पुरतो. जेट काढा, कार्ब क्लीनरचा फवारा मारा, मग कंप्रेसरची हवा. तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की हिशोब कायमचा बिघडला.

उद्यमनगरी

कोल्हापूरहून. जेटला हात लावण्याआधी दोन मिनिटांचं एक काम करा. तुमच्या कार्ब्युरेटरला वायर लावलेली एक छोटी नळकांडी असेल. ती सोलेनॉइड. किल्ली ऑन केली की आतली पिन मागे सरकते आणि स्लो वाट उघडते, किल्ली काढली की वाट बंद. किल्ली काढल्यावर इंजिन धडधडू नये म्हणूनच ती दिलेली असते.

इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली ऑन-ऑफ करा. बॉनेटखाली 'टक्' असा आवाज यायला हवा. आला नाही तर टेस्ट लॅम्प लावून त्या वायरला करंट येतो का बघा. करंट आहे आणि टक् नाही, तर सोलेनॉइड गेला. करंटच नाही, तर वायर शोधा.

एक इशारा. पुष्कळ ठिकाणी सोलेनॉइड बिघडला की त्याची पिन मोडून परत बसवतात. वाट कायमची उघडी, गिऱ्हाईक खूश. पण मग किल्ली काढल्यावर धडधड सुरू. तसं करू देऊ नका.

लेस्टरकर

इंग्लंडातून. माझी जुनी मिनी आहे, तिच्या एसयू कार्ब्युरेटरला चोकची चकतीच नसते. नॉब ओढला की जेटची नळी खाली सरकते आणि सुईभोवतीची जागा वाढते, एवढंच. नळी वर परत आली नाही की पद्मिनीप्रेमींसारखी काळ्या धुराची तक्रार. तेव्हा जुन्या ॲम्बेसेडरवाल्यांनी चकती शोधत बसू नये, आधी कार्ब्युरेटर कुठला आहे ते बघावं.

इकडे आणखी एक पीडा. ओलसर गारठ्यात कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो. पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढली जाते, हवेतलं बाष्प थ्रॉटलवर गोठतं, गाडी बंद. बाजूला थांबून दहा मिनिटं चहा प्यायचा, इंजिनाच्या आचेने बर्फ वितळतो, गाडी चालू. मेकॅनिक येतो तेव्हा बिघाड सापडत नाही.

टुकार_वाचक

मिरजेत मे महिन्यात बर्फ. चालू द्या.

चिपळूणचा_पाऊस

सोलेनॉइडवगैरे ठीक आहे, पण पेट्रोलचं कुणीच बोलत नाही. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल. तुमची गाडी आली त्या काळात असलं पेट्रोल कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझी ओम्नी चार महिने पावसात उभी राहते. मागच्या खेपेला फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती) पांढरा-हिरवा चिखल निघाला.

उद्यमनगरी

बरोबर, पण यावर फार भीती पसरवली जाते, म्हणून आकड्यात सांगतो. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्ब्युरेटरला डोकं नसतं, जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल. म्हणजे तुमचं मिश्रण सात-आठ टक्के आपोआप पातळ झालं. चांगल्या स्थितीतली गाडी एवढं सहन करते, फार तर सकाळी चोक थोडा जास्त वेळ लागतो. पण जिचा स्लो जेट आधीच अर्धा बुजलाय, ती एवढ्यानेही बसते.

रबराची गोष्ट जास्त गंभीर. जुने होस, पंपाचा डायफ्रॅम, पॅकिंग, हे इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी चालवू नका. होस बदलताना एसएई जे-३० आर-९ लिहिलेला मागा, साधा काळा पाइप नको.

आणि हो, आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचं रबर खातंय, यावर सांगली-कोल्हापूरकरांनी तक्रार कुठे करायची, हा वेगळा धागा होईल.

गीअरवाली

वेगळा धागा नको, तिथे ऊसदरावर मारामारी होईल.

चोरट्या हवेचं राहिलं. इंजिन स्लोवर चालू ठेवून व्हॅक्यूमचे बारीक पाइप एकेक चिमटून बघा. एखादा चिमटल्यावर इंजिन सुधारलं तर तोच फाटका. कार्ब्युरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती थोडं पाणी फवारलं तरी कळतं, गळती असेल तिथे इंजिनाचा आवाज बदलतो. काही लोक यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर आणि उघड्या ठिणगीजवळ ते मला पटत नाही. तसंच बाटलीने कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा प्रकार. एक बॅकफायर झाला की भुवया जातात.

मिरजकर_८००

मंडळी, चोर सापडला!

किल्ली ऑन केली, टक् नाही. टेस्ट लॅम्प लावला, करंट नाही. वायरच्या मागे मागे गेलो तर डॅशबोर्डच्या खाली टेपचा भलामोठा गोळा. या गाडीला एके काळी गॅस किट होतं. गॅसवर चालवताना पेट्रोलचा पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून ही वायर फिरवली होती. किट काढलं तेव्हा स्विचही काढला आणि वायरची दोन टोकं नुसती पिळून टेप मारली. ती पीळ हिरवी पडून सुटली होती. वायर नीट जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह घातली. किल्ली फिरवली: टक्!

स्लो जेटही काढला, नानापेठी म्हणाले तसा उजेडाला धरला, भोक दिसेचना. हवा मारल्यावर लख्ख. स्लोचा स्क्रू मागे घेतला, आता चोक आत आणि गाडी शांत. किल्ली काढली की जागच्या जागी बंद.

पद्मिनीप्रेमी (डोंबिवली)

वा! जुनं गॅस किट काढलेल्या गाड्यांत हे फार आहे. अशा गाड्यांत एअर फिल्टरखाली गॅस हवेत मिसळणारी मिक्सरची रिंग राहून गेली आहे का तेही बघा. हवेची वाट अरुंद होते आणि लोक मायलेज कमी म्हणून रडतात.

नानापेठी

छान. आता मिक्स्चर सेट करताना पीयूसी सेंटरवर जाऊन कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघत करा, कानाने करू नका. तुमच्या काळातल्या गाडीला मर्यादा ३ टक्के आहे. पातळ ठेवून ०.५ दाखवायची हौस करू नका, पुन्हा सिग्नलला बंद पडेल.

मिरजकर_८००

ही एक गोष्ट उरली. सकाळी उत्तम. दुपारी बाजारात गाडी लावली, पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो की चालू व्हायला तयार नाही. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास. चोक ओढला तर आणखीच बिघडते. तासाभराने आपली आपण चालू. कॉइल बदलू का?

नानापेठी

थांबा. चालत्या गाडीला पंखा, वारा आणि आत येणारं ताजं पेट्रोल थंड ठेवतं. तुम्ही गाडी बंद केलीत की इंजिनाची सगळी धग वर कार्ब्युरेटरला चढते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये ओसंडतं. म्हणजे आत आधीच पेट्रोल जास्त आहे, त्यात तुम्ही चोक ओढता. वरून रेस पंप केली तर प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी एक पिचकारी मारतो.

अशा वेळी चोक पूर्ण आत. रेस तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि तशीच सेल्फ मारा. मोकळी हवा आत जाते, जास्तीचं पेट्रोल निघून जातं, थोडं खोकून चालू होते. याने चालू झाली तर कॉइलचा संशय सोडा. तरी बंद पडल्या पडल्या एकदा ठिणगी बघून ठेवा, कारण जुने कंडेन्सर आणि कॉइल गरम झाल्यावरच दगा देतात आणि गार झाल्यावर साळसूद होतात. गॅरेजात नेईपर्यंत गार होतात, हीच पंचाईत.

उद्यमनगरी

आणि कार्ब्युरेटरच्या खाली काय बसवलंय ते बघा. तिथे उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर हवा. बऱ्याच वेळा कार्ब्युरेटर उतरवला की तो फुटतो किंवा हरवतो, मग नुसतं कागदी पॅकिंग लावून नट आवळतात. फार आवळले तर बूड वाकतं आणि तिथूनही हवा घुसते. लोखंडी पट्टी धरून सपाटपणा बघा. वाकलं असेल तर इकडे उद्यमनगरात फेसिंग मारून (मशीनवर सपाट करून) मिळतं, पण आधी काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हाताने घासून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं.

टुकार_वाचक

एक खरा प्रश्न विचारतो, चेष्टा नाही. पंपच इलेक्ट्रिक लावला तर हे सगळं संपणार नाही का? नवीन गाडीचा भंगारात स्वस्त मिळतो.

गीअरवाली

नाही. एमपीएफआयच्या पंपाचा दाब कार्ब्युरेटरला लागतो त्याच्या दहापट तरी असतो. फ्लोटची सुई तो थोपवू शकत नाही, पेट्रोल वरून वाहायला लागतं आणि खाली असतो तापलेला एक्झॉस्ट. लावायचाच तर कार्ब्युरेटरसाठीचा कमी दाबाचा लावा, आणि इंजिन बंद पडलं की पंप बंद होईल अशी वायरिंग करा.

टुकार_वाचक

समजलं. इलेक्ट्रिक पंप रद्द, इलेक्ट्रिक गाडीचा सल्ला कायम.

मिरजकर_८००

इन्सुलेटर नव्हताच, कागदी पॅकिंग होतं, तेही दोन थरांचं. नाना पेठेतून जुन्या स्टॉकमधला मिळाला. बूड थोडं वाकलं होतं, काचेवर घासून सरळ केलं. भर दुपारी बाजारात लावून बघितली, किंचित खोकते पण रेस दाबून धरली की चालू होते. पेट्रोलचे होसही बदलले, जुना एक हातातच तुकडे होऊन आला.

चिपळूणचा_पाऊस

अभिनंदन. आता माझ्या ओम्नीचं सांगा. जूनपासून उभी राहणार. टाकी भरून ठेवू की रिकामी?

नानापेठी

काठोकाठ भरा. टाकीत मोकळी जागा जेवढी कमी, तेवढी दमट हवा कमी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉल खाली बसतं, नेमकं जिथून पाइप पेट्रोल ओढतो तिथे. कार्ब्युरेटरची वाटी मात्र रिकामी करून ठेवा: इंजिन चालू ठेवून पंपाकडे जाणारा पाइप चिमटून बंद करा आणि वाटीतलं संपून आपोआप बंद पडू द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. गणपतीला घरी कुणी येणार असेल तर त्याच्याकडून एकदा चालू करून, नीट तापेपर्यंत फिरवून घ्या. उभ्या उभ्या पाच मिनिटं चालवून बंद करण्यात काही अर्थ नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.